द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल

द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल हा अमेरिकन गायिका, रॅपर व गीतकार लॉरिन हिल यांचा पहिला एकल अल्बम आहे. रफहाउस रेकॉर्ड्स व कोलंबिया रेकॉर्ड्स यांनी तो २५ ऑगस्ट १९९८ रोजी प्रकाशित केला. त्यापूर्वी हिल या फ्युजीस या हिप-हॉप गटाच्या सदस्य म्हणून ओळखल्या जात. १९९९ मध्ये या अल्बमला ग्रॅमी पुरस्कारांतील 'वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम' हा सन्मान मिळाला. हिप-हॉप अल्बमला हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. हा हिल यांचा आजवरचा एकमेव एकल स्टुडिओ अल्बम आहे.

पार्श्वभूमी

हिल यांचा जन्म १९७५ मध्ये न्यू जर्सी राज्यात झाला. वायक्लेफ जाँ व प्राझ मिशेल यांच्यासह त्यांनी फ्युजीस या गटात काम केले. वायक्लेफ व प्राझ हे दोघे हैतीवंशीय असून गटाचे नाव 'रेफ्युजी', म्हणजे निर्वासित, या शब्दावरून घेतले आहे. गटाच्या 'द स्कोअर' (१९९६) या दुसऱ्या अल्बमला जगभर मोठे यश मिळाले व १९९७ मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी पुरस्कारही लाभला. मात्र याच काळात हिल व वायक्लेफ यांच्यातील व्यक्तिगत व व्यावसायिक संबंध ताणले गेले. वायक्लेफ यांचा एकल अल्बम १९९७ मध्ये आला. त्याच वर्षी हिल यांना पहिला मुलगा झाला. या दोन्ही अनुभवांचे, म्हणजे दुरावा आणि मातृत्व यांचे, पडसाद अल्बममध्ये उमटले आहेत.

शीर्षक व रचना

अल्बमचे शीर्षक कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर जी. वुडसन यांच्या 'द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो' (१९३३) या ग्रंथावरून सुचले आहे. अमेरिकेतील शाळा कृष्णवर्णीय मुलांना स्वतःच्या इतिहासाकडे तुच्छतेने पाहायला शिकवतात, असे प्रतिपादन वुडसन यांनी त्यात केले होते. हिल यांनी ही कल्पना व्यक्तिगत आयुष्याला लावली. अल्बमचा आरंभ शाळेच्या घंटेने होतो. शिक्षक हजेरी घेतात, परंतु लॉरिन हिल हे नाव पुकारल्यावर उत्तर येत नाही. पुढे गीतांच्या अधूनमधून शिक्षक व मुले प्रेम म्हणजे काय यावर चर्चा करताना ऐकू येतात. वर्गात गैरहजर असलेली विद्यार्थिनी जगाकडून जे शिकली, ते गीतांतून मांडले जाते. शिक्षकाचा आवाज कवी रास बराका यांचा आहे. ते २०१४ मध्ये न्यूआर्क शहराचे महापौर झाले. मुखपृष्ठावर शाळेच्या लाकडी बाकावर कोरलेली हिल यांची प्रतिमा आहे.

संगीत व गीते

ध्वनिमुद्रणाचा काही भाग न्यूयॉर्कमध्ये, तर काही भाग जमैकातील किंग्स्टन येथे बॉब मार्ली यांनी स्थापन केलेल्या टफ गाँग स्टुडिओत झाला. हिप-हॉप, सोल, रेगे व गॉस्पेल या शैली अल्बममध्ये एकत्र आल्या आहेत. एकाच गीतात गाणे व रॅप या दोन्हींची धुरा हिल स्वतः वाहतात.

'लॉस्ट वन्स' हे गीत जुन्या सहकाऱ्याला उद्देशून असल्याचे मानले जाते. 'एक्स-फॅक्टर' मध्ये तुटत चाललेल्या नात्याची व्यथा आहे. 'टू झायन' हे गीत मुलाच्या जन्माविषयी असून त्यात कार्लोस सँटाना यांनी गिटार वाजवली आहे. कारकिर्दीसाठी मूल होऊ देऊ नये, असा सल्ला मिळूनही आपण वेगळा निर्णय घेतला, असे हिल त्यात सांगतात. मेरी जे. ब्लाइज व डी'अँजेलो यांनी प्रत्येकी एका युगुलगीतात साथ दिली आहे. 'एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग' मधील पियानोवादन पुढे जॉन लेजंड या नावाने प्रसिद्ध झालेल्या, तेव्हा विद्यार्थीदशेत असलेल्या कलाकाराचे आहे.

प्रतिसाद

प्रकाशनाच्या पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत अल्बमच्या ४ लाख २२ हजारांहून अधिक प्रती खपल्या व तो बिलबोर्ड २०० यादीत थेट पहिल्या स्थानी पोहोचला. 'डू वॉप (दॅट थिंग)' हे गीत बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावरच दाखल झाले. स्त्री व पुरुष दोघांनाही आत्मसन्मान गहाण न टाकण्याचा इशारा देणाऱ्या या गीताच्या चित्रफितीत पडद्याच्या दोन भागांत १९६७ व १९९८ ही दोन वर्षे शेजारी शेजारी दाखवली आहेत. ग्रॅमी पुरस्कारांसाठी हिल यांना १० नामांकने मिळाली व त्यांपैकी ५ पुरस्कार त्यांनी जिंकले. एकाच सोहळ्यात ५ ग्रॅमी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

श्रेयाचा वाद

नोव्हेंबर १९९८ मध्ये 'न्यू आर्क' या चार संगीतकारांच्या चमूने हिल व ध्वनिमुद्रण कंपन्यांविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. अनेक गीतांच्या लेखनात व निर्मितीत आपला वाटा असूनही योग्य श्रेय दिले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हिल यांच्या बाजूने हा आरोप नाकारण्यात आला. फेब्रुवारी २००१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाल्याने कोणाचे योगदान किती होते, याचा न्यायनिवाडा झाला नाही. स्टुडिओत ताल, सुरावट व शब्द अनेकांच्या देवाणघेवाणीतून आकार घेतात. तिथे गीताचा कर्ता कोणाला म्हणावे यावर मानधन व स्वामित्वधन अवलंबून असते. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. दुसरीकडे, पुरुष निर्मात्यांच्या कर्तृत्वावर अशी शंका सहसा घेतली जात नाही, असाही मुद्दा या निमित्ताने मांडला गेला.

वारसा

हिल यांचा पुढील अल्बम 'एमटीव्ही अनप्लग्ड नं. २.०' (२००२) हा प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण होता. दुसरा स्टुडिओ अल्बम न आल्याने पहिल्या अल्बमभोवतीचे कुतूहल वाढत गेले. काँग्रेस ग्रंथालयाने २०१५ मध्ये या अल्बमची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीसाठी निवड जाहीर केली. २०१८ मध्ये ड्रेक व कार्डी बी यांनी आपापल्या गीतांत 'एक्स-फॅक्टर' चा वापर केला. २०२० च्या रोलिंग स्टोन मासिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत त्याला दहावे स्थान मिळाले. २००३ च्या यादीत तो ३१२ व्या स्थानी होता. २०२१ मध्ये त्याला अमेरिकेतील १ कोटी प्रतींसाठीचे 'डायमंड' मानांकन मिळाले.