टपालाची बोट, सहलीची बोट

पी अँड ओ हे नाव मुंबईत एकेकाळी कुणाला समजावून सांगावं लागत नसे. विलायतेची बोट म्हणजे पी अँड ओची बोट, हे समीकरणच होतं. बॅरिस्टर व्हायला निघालेला मुलगा, रजेवर घरी चाललेला गोरा कलेक्टर आणि विलायतेचं टपाल, या सगळ्यांची वाट तीच. आज पी अँड ओ क्रूझेस या नावाची कंपनी इंग्लंडमध्ये आहे. तिच्याकडे सात मोठ्या बोटी आहेत, पण त्यांचं काम कुणाला कुठं पोचवणं हे नाही. माणसं साउदम्प्टनला चढतात, आठ-पंधरा दिवस हिंडतात आणि बहुतेक वेळा पुन्हा साउदम्प्टनलाच उतरतात.

टपाल वाहणारी कंपनी सहली विकायला कशी लागली, हे मला आज तिच्या बोटींच्या यादीवरून सांगायचं आहे. कंपनीच्या अध्यक्षांच्या भाषणांपेक्षा ही यादी अधिक खरं बोलते. बोट बांधायला दोन-तीन वर्षं लागतात आणि ती पंचवीस-तीस वर्षं कमावून देईल असा हिशेब धरलेला असतो. म्हणजे प्रत्येक नवी बोट हे पुढच्या तीस वर्षांचं भाकीत असतं. पी अँड ओची काही मोठी भाकितं साफ चुकली, आणि तरीही ती टिकली. ते कसं, हीच या गोष्टीतली गंमत आहे.

ब्रॉडी मॅकगी विलकॉक्स आणि आर्थर अँडरसन या दोघांनी ही कंपनी उभी केली. १८३७ मध्ये त्यांना स्पेन-पोर्तुगालकडे टपाल नेण्याचं सरकारी कंत्राट मिळालं. त्या भागाला आयबेरियन पेनिन्सुला, म्हणजे द्वीपकल्प म्हणतात, म्हणून नावात 'पेनिन्सुलर'. कंपनीच्या निशाणातले निळा-पांढरा हे पोर्तुगालचे आणि लाल-पिवळा हे स्पेनचे रंग. १८४० मध्ये राजाज्ञापत्र मिळालं, पूर्वेकडचं काम आलं आणि नावात 'ओरिएंटल' जोडलं गेलं. १८४२ मध्ये 'हिंदोस्तान' ही आगबोट साउदम्प्टनहून आफ्रिकेला वळसा घालून कलकत्त्याकडे निघाली. मुंबई-सुएझ मार्ग मात्र ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या हाती ठेवला होता. तो १८५४ मध्ये पी अँड ओला मिळाला.

तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. विलायतेचा प्रवासी अलेक्झांड्रियाला उतरायचा, नाईल नदीनं कैरोला जायचा, तिथून वाळवंट ओलांडून सुएझला यायचा आणि तिथं दुसऱ्या बोटीत बसायचा. सुएझच्या बोटींसाठी लागणारा कोळसा उंटांच्या पाठीवरून यायचा. पुढं आगगाडी झाली. या व्यवस्थेसाठी कंपनीनं अफाट पैसा ओतला होता. भूमध्य समुद्रात एक ताफा, तांबड्या समुद्रापलीकडं दुसरा. आणि १८६९ च्या नोव्हेंबरात कालवा उघडला! दोन ताफ्यांचं गणित एका दिवसात जुनं झालं. युरोपातून थेट मुंबईला येऊ शकणाऱ्या, कमी कोळसा खाणाऱ्या इतरांच्या नव्या बोटी दिसू लागल्या. त्यात टपालखात्याचा हट्ट असा की कालवा असला तरी टपाल इजिप्तमधून आगगाडीनंच जाईल. कंपनी बुडायच्या बेताला आली. १८७२ मध्ये कारभार हाती घेतलेल्या टॉमस सदरलंड यांनी जुन्या बोटी काढून नव्या इंजिनांच्या बोटी बांधायचा सपाटा लावला, म्हणून ती तरली.

मोडीत निघालेल्या बोटींचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. 'सीलोन' नावाची १८५८ ची बोट १८८१ मध्ये विकली गेली. घेणाऱ्यांनी तिला सजवून श्रीमंतांच्या सहलींसाठी फिरवायला सुरुवात केली. सहलबोटींच्या इतिहासात तिचं नाव अगदी वर घेतलं जातं. ज्या बोटीचं टपालाचं काम संपलं, तिनं हा नवा धंदा दाखवून दिला. तशी कल्पना अँडरसन यांच्या डोक्यात आधीपासून होती. १८३५ मध्ये शेटलंडच्या आपल्या वर्तमानपत्रात त्यांनी आइसलंडकडच्या जलसफरीची एक जाहिरात छापली होती. ती सफर काल्पनिक होती. १८४४ मध्ये कंपनीनं कादंबरीकार थॅकरे यांना भूमध्य समुद्राची सफर घडवली आणि त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. लेखकाला फुकट फिरवून प्रसिद्धी मिळवायची युक्ती काही आजची नाही. १९०४ मध्ये तर कंपनीनं आपलीच 'रोम' ही जुनी बोट दुरुस्त केली, तिचं नाव 'व्हेक्टिस' ठेवलं आणि तिला फक्त सहलींना जुंपलं.

पण त्या काळात सहल हा जोडधंदा होता. खरं काम साम्राज्याचं. त्या साम्राज्याच्या विरोधात उभी राहिलेली माणसंही याच बोटींतून गेली, हे मराठी माणसानं लक्षात ठेवायला हवं. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' बोटीनं एक अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला. त्याचं नाव मोहनदास गांधी. १९१० च्या जुलैत पी अँड ओची 'मोरिया' बोट मार्सेय बंदरात उभी असताना बोटीच्या गोल खिडकीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. त्याच 'मोरिया'च्या बरोबरीची 'मेदिना' ही बोट १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहांना दिल्ली दरबारासाठी मुंबईला घेऊन आली. एकाच मालिकेतल्या दोन बोटी. एकीत बादशहा, दुसरीत बेड्यांची वाट पाहणारा कैदी. आणि १९३१ च्या ऑगस्टात गोलमेज परिषदेसाठी गांधीजी पुन्हा निघाले ते 'राजपुताना' बोटीनं, दुसऱ्या वर्गातून. मालवीयजी आणि सरोजिनी नायडू त्याच बोटीवर होत्या.

वर्गावरून आठवलं. 'पॉश' हा शब्द पी अँड ओच्या तिकिटांवरून आला, असं पुष्कळदा सांगतात. जाताना डाव्या बाजूची खोली आणि येताना उजव्या बाजूची, म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', अशी आद्याक्षरं श्रीमंतांच्या तिकिटावर मारत, कारण त्या बाजूला ऊन कमी. गोष्ट छान आहे, पण तसं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. गोष्ट टिकली, कारण त्या बोटींवर कुणाला ऊन आणि कुणाला सावली हे खरोखरच ठरलेलं होतं.

सर्वांत जास्त ऊन आणि आग कुणाच्या वाट्याला? ती माणसं आपली होती. डेकवर रत्नागिरीकडचे आणि काठेवाडचे खलाशी, खाली भट्टीशी कोळसा ओतणारे पंजाब-सरहद्दीकडचे लोक, आणि भोजनगृहात वाढणारे, स्वयंपाक करणारे गोव्याचे. सारंग, तांडेल, खलाशी, भंडारी हे शब्द पी अँड ओच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तोंडपाठ असत. एकाच बोटीवर काम करून या माणसांचा पगार गोऱ्या खलाशाच्या काही अंशानं असे. धोबी तलावाजवळच्या कुडांमध्ये, म्हणजे गोव्यातल्या गावागावांच्या क्लबांमध्ये, तारवटी लोक पुढच्या बोटीची वाट पाहत पथारी टाकून राहत. माझ्या लहानपणी कोकणात 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'बोटीवर असतो' एवढं उत्तर पुरे होई. कुठली बोट, हे कुणी विचारत नसे. मनीऑर्डर वेळेवर आली की झालं. पहिल्या महायुद्धात मुंबईकडे येणारी 'पर्शिया' ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ पाणबुडीनं बुडवली. १९२२ मध्ये 'इजिप्त' फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टकरीनं बुडाली. 'इजिप्त'मधलं मुंबईला येणारं सोनं-चांदी पुढं इटालियन पाणबुड्यांनी मोठ्या जिद्दीनं वर काढलं आणि त्याची जगभर चर्चा झाली. तिच्यासोबत बुडालेल्या आपल्या खलाशांची नावं मात्र आपल्याकडे क्वचितच कुणी उच्चारतं.

दोन महायुद्धांमधला काळ या ताफ्याच्या डौलाचा. १९२९ मध्ये मुंबईच्या मार्गासाठी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' आली. वाफेवर वीज करायची आणि विजेच्या मोटारींनी पंखे फिरवायचे, अशी ही पी अँड ओची पहिली बोट. त्यामुळे आवाज आणि हादरे कमी. आत पोहण्याचा तलावही होता. १९३१ पासून 'स्ट्रॅथनेव्हर', 'स्ट्रॅथएअर्ड' या पांढऱ्याशुभ्र बोटी आल्या. तोवर कंपनीच्या बोटी काळ्या असत. या दोघींना तीन-तीन धुराडी होती, पण धूर फक्त मधल्या धुराड्यातून येई. उरलेली दोन दिखाऊ! जास्त धुराडी म्हणजे जास्त दणकट बोट, असा प्रवाशांचा समज होता आणि कंपनीनं तो मोडला नाही. मंदीच्या दिवसांत प्रवासी कमी झाले की याच बोटी सहलींना जात. दुसऱ्या महायुद्धात 'व्हाइसरॉय' आणि 'राजपुताना' दोन्ही बुडाल्या. 'स्ट्रॅथनेव्हर' आणि 'स्ट्रॅथएअर्ड' उरल्या, त्यांची दिखाऊ धुराडी युद्धानंतर उतरवली.

१९४७ नंतर व्हाइसरॉयही उरले नाहीत आणि रजेवर जाणारे कलेक्टरही. कंपनीनं ऑस्ट्रेलियाकडे तोंड वळवलं. त्या काळी दहा पौंड भरून इंग्लंडची कुटुंबं तिकडे कायमची राहायला जात, बाकीचं भाडं सरकार भरी. त्यांच्यासाठी १९६१ मध्ये ४५ हजार टनांची 'कॅनबेरा' सेवेत आली. इंजिनं मागच्या टोकाला, मधली सगळी जागा प्रवाशांना. दोन हजारांहून जास्त माणसांची सोय. इतकी सुंदर बोट, आणि तिचं भाकीत दहा वर्षंही टिकलं नाही. बोइंग ७०७ विमानं तिच्या आधीच उडू लागली होती. १९६७ मध्ये सुएझ बंद झाला तो आठ वर्षं. १९७० च्या सुमारास मुंबईची नियमित प्रवासी सेवाही थांबली. पाठोपाठ तेल भडकलं. १९७३ मध्ये 'कॅनबेरा' मोडीत काढायचं ठरलं होतं. पण निर्णय फिरला, तिच्याऐवजी 'ओर्सोव्हा' मोडीत गेली आणि 'कॅनबेरा'चे दोन वर्ग मोडून तिला सहलबोट करण्यात आलं. पहिला वर्ग, दुसरा वर्ग हा भेद शंभर वर्षं कुणाला हलवता आला नव्हता. तो तिकिटं खपत नाहीत म्हणून गेला.

हीच बोट १९८२ मध्ये फॉकलंड युद्धात सैनिक घेऊन गेली आणि गंजाचे ओघळ अंगावर घेऊन ११ जुलैला साउदम्प्टनला परतली, तेव्हा धक्क्यावर प्रचंड गर्दी लोटली होती. १९९७ मध्ये पाकिस्तानच्या गडानी किनाऱ्यावर ती मोडण्यात आली. 'ओरियाना' १९९५ मध्ये जर्मनीत बांधलेली. ती पहिल्या दिवसापासून सहलीसाठीच होती. आता भाकीत वेगळं होतं. प्रवास हा माल, बंदर हे निमित्त. 'अरोरा' २००० मध्ये आली. आजच्या 'आयोना' आणि 'आर्व्हिया' १ लाख ८० हजार टनांच्या पुढच्या आहेत, एकेकीवर पाच हजारांहून अधिक प्रवासी मावतात.

मालकीही बदलली. २००० मध्ये सहलीचा धंदा मूळ कंपनीपासून वेगळा झाला आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या कार्निव्हलशी जोडला गेला. मूळ पी अँड ओ २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डनं घेतली. तिच्यासोबत न्हावाशेवाचं, पी अँड ओनं उभारलेलं कंटेनर टर्मिनलही गेलं. आपला माझगाव डॉकसुद्धा एकेकाळी याच कंपनीच्या ताब्यात होता. १९६० मध्ये तो भारत सरकारनं घेतला आणि आता तिथं युद्धनौका होतात.

म्हणून मी म्हणतो, कंपनी टिकली ती भाकितं बरोबर आली म्हणून नव्हे. नाव आणि निशाण ठेवून काम बदलायची तयारी तिच्यात होती. ज्या बोटींना दुसरं काम मिळालं त्या जगल्या, ज्यांना मिळालं नाही त्या भंगारात गेल्या. पण काम बदललं तेव्हा ज्यांचं पोट त्या कामावर होतं त्यांचं काय, हा प्रश्न बोटींच्या यादीत येत नाही. कोळसा गेला तसे भट्टीवाले गेले. मुंबईची सेवा गेली तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांची एक वाट बंद झाली.

आता मुंबईच्या बॅलार्ड पिअरला सहलबोटींसाठी नवं टर्मिनल झालं आहे. २०२१ पासून मुंबईहून फिरू लागलेली 'एम्प्रेस' ही बोटसुद्धा १९९० मध्ये दुसऱ्या समुद्रासाठी, दुसऱ्या कंपनीनं बांधलेली आहे. म्हणजे इथंही तोच नियम. याच धक्क्यावरून विलायतेचं टपाल निघत असे. त्या नव्या इमारतीत सामानाच्या पट्ट्याजवळ एखादी भिंत कोकणच्या खलाशांसाठी आणि गोव्याच्या तारवटींसाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? बोटींची नावं, टनांचे आकडे पुस्तकांत आहेतच. या माणसांची नावं जुन्या नोंदवह्यांत आणि गावोगावच्या घरांत अजून शोधता येतील. ती आताच लिहून घेतली पाहिजेत.