ई.एम.डी.आर. : डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने मानसिक आघातावर उपचार

अपघाताला वर्ष झाले. हाड जुळले, जखम भरली. पण ट्रकचा हॉर्न ऐकला की छातीत धडधडते, हातांना घाम फुटतो, रात्री तेच दृश्य स्वप्नात येते. ईसीजी नॉर्मल असतो. घरचे म्हणतात, "झालं गेलं, आता विसर." अशी तक्रार घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांना आधी हे सांगावे लागते की हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. असा त्रास महिन्याहून अधिक टिकला आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर तो आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी असू शकतो. त्यावर उपचार आहेत. ई.एम.डी.आर. हा त्यांपैकी एक.

ही पद्धत काय आहे?

'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग' ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ पासून विकसित केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी तिची शिफारस केली.

साधी आठवण काळाबरोबर फिकट होते. आघाताची आठवण मात्र दृश्य, आवाज आणि भीतीसकट आत्ताच घडत असल्यासारखी उसळते. ती मनात आणताना डोळ्यांनी हलणारे बोट पाहायचे असेल, तर मेंदूचे लक्ष विभागले जाते आणि आठवणीची तीव्रता कमी होते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. डोळ्यांच्या हालचालींचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत.

उपचारात काय होते?

उपचाराचे आठ टप्पे असतात. सुरुवातीला तुमची माहिती घेतली जाते आणि मन शांत करण्याच्या पद्धती शिकवल्या जातात. ही तयारी झाल्यावरच आठवणीवर काम सुरू होते. तुम्ही त्या प्रसंगातील एक दृश्य, त्याला चिकटलेला विचार (उदा. 'चूक माझीच होती') आणि शरीरातील जाणीव मनात आणता. त्रास ० ते १० यांपैकी किती, हे सांगता. मग थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटाकडे थोडा वेळ पाहता, थांबता आणि काय जाणवले ते सांगता. असे अनेकदा होते.

हे संमोहन नाही. तुम्ही पूर्ण जागे असता, हात वर करून केव्हाही थांबवू शकता. सगळा प्रसंग तपशीलवार सांगण्याची सक्ती नसते. एक सत्र साधारण ६० ते ९० मिनिटांचे असते. एकाच घटनेचा आघात असेल तर बहुधा ८ ते १२ सत्रे लागतात. लहानपणापासूनच्या अत्याचारासाठी अधिक काळ लागू शकतो.

कोणती काळजी घ्यावी?

- सत्रानंतर एक-दोन दिवस रडू येणे, ठळक स्वप्ने पडणे किंवा थकवा येणे शक्य आहे. तसे झाल्यास थेरपिस्टला कळवा.
- फिट्स, डोळ्यांचा आजार, गर्भधारणा किंवा भान हरपल्यासारखे होणे, यांपैकी काही असल्यास आधी सांगा. डोळ्यांना त्रास असेल तर हातावर हलक्या थापा किंवा आवाज वापरता येतात.
- चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
- व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करू नका. आठवण उघडली आणि सावरायला कोणी नसेल, तर त्रास वाढू शकतो.
- मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना "तुम्ही ई.एम.डी.आर.चे प्रशिक्षण घेतले आहे का?" असे मोकळेपणाने विचारा. ही सोय जवळ नसेल, तर आघातावर केंद्रित सीबीटी हाही परिणामकारक पर्याय आहे.

घरच्यांसाठी

"विसर" म्हणू नका आणि "नेमकं काय झालं?" असे खोदून विचारूही नका. सत्राला सोबत जा, परतल्यावर विश्रांती घेऊ द्या. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली तर थांबू नका; 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते. जिवाला तातडीचा धोका वाटला तर माणसाला एकटे न सोडता लगेच रुग्णालयात न्या.

या उपचाराने घटना पुसली जात नाही. ती आठवते, पण अंगावर येत नाही. हॉर्न ऐकूनही रस्ता ओलांडता येणे, हेच बरे होणे.