चिंचोक्यांची शाळा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावलं, "जन्मभर इतिहास शिकवलास, तर शाळेच्या इतिहासावर तूच लिही." इमारत, मुख्याध्यापक, निकाल यांवर इतरांनी लिहिलं आहेच. मी लिहिते आहे ते पटांगणाच्या टोकाच्या कौलारू खोलीबद्दल, म्हणजे आपल्या बालवाडीबद्दल. "तिथे दोन वर्षं नुसते खेळलो, शिकलो काहीच नाही," असं आपण प्रत्येक मेळाव्यात हसत सांगतो. त्या 'नुसतं खेळण्या'मागे केवढा इतिहास होता, तो मलाही फार उशिरा कळला.

आपण 1965 साली बालवाडीत आलो. आपल्या बाई कोसबाडहून प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. तेव्हा आपल्याला कोसबाड हे एखाद्या आजोळासारखं नाव वाटायचं. ते डहाणू तालुक्यातलं टेकडीवरचं गाव, आणि तिथपर्यंतची वाट बरीच लांबून आलेली आहे.

लहान मुलांचा खेळ हेच त्यांचं शिक्षण, असं मानून जर्मनीत फ्रोबेल यांनी 1837 मध्ये बालशाळा काढली आणि पुढे तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी 'बालगृह' सुरू केलं. हातांनी वस्तू हाताळत, आपली चूक आपणच सुधारत मूल शिकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांचा विचार भावनगरला गिजुभाई बधेका यांनी उचलला. वकिली सोडलेल्या या माणसाने 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवला.

शहरातल्या सुखवस्तू मुलांसाठी हे ठीक होतं. पण माँटेसरीचं साहित्य महाग, मग खेड्यातल्या मुलांनी काय करायचं? या प्रश्नापायी ताराबाई पन्नाशी उलटल्यावर, 1945 मध्ये, समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. मोठी माणसं कामावर जायची आणि चार-पाच वर्षांची मुलं घरी धाकट्यांना सांभाळायची. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या दारी जायचं, असं ठरलं. बाई वस्तीत जाऊन एखाद्या अंगणात बसत. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. धाकटी भावंडंही तिथेच रांगत असायची. अंगणात भरणारी ही वाडी म्हणजे 'अंगणवाडी'. महागड्या साहित्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आणि माती आली. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 1973 मध्ये ताराबाई वारल्या. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी होऊन देशभर पोचला.

आता आपल्या खोलीकडे येते. बाईंनी पाटी-पेन्सिल दिली नाही, म्हणून माझे अण्णा एकदा तावातावाने शाळेत आले होते. "पोर दिवसभर चिंचोके खेळते, अक्षर कधी गिरवणार?" बाई भांडल्या नाहीत. "अण्णा, तासभर बसा," एवढंच म्हणाल्या. अण्णा भिंतीला टेकून बसले. आम्ही चिंचोके, शिंपले, सागरगोटे वेगवेगळे करत होतो. मग पाच-पाचाच्या ढिगाऱ्या लावल्या. एकीची ढिगारी चारचीच भरली, तेव्हा ती माझ्याकडे एक चिंचोका मागायला आली. पलीकडे मातीच्या पोळ्या लाटणं चालू होतं आणि भातुकलीतली 'आई' 'बाबां'ना उशिराबद्दल बोल लावत होती. वर्गीकरण, मोजणी, बेरीज, देवघेव, संभाषण, शिवाय पुढे पेन्सिल धरायच्या बोटांना व्यायाम, हे सगळं त्या तासात होतं. यातलं अण्णांना किती उमगलं ते ठाऊक नाही. ते काही न बोलता गेले आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी शाळेत पायलीभर चिंचोके पाठवून दिले.

एवढं पाहूनही मी चुकले, तेही सांगायला हवं. 1991 मध्ये मुलाला एका नावाजलेल्या शाळेच्या छोट्या शिशूत घातलं. तीन वर्षांच्या त्या पोराला रोज एक पान अक्षरं गिरवायची असत. तो रडायचा आणि मी त्याचा हात धरून पान पुरं करून घ्यायचे. शेजारच्यांची मुलं पुढे जातील, एवढीच भीती होती. आजही पेन हातात घेताना तो टाळाटाळ करतो. कारण तेच असेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. आपल्या 1977 च्या तुकडीने शाळेला देणगी द्यायची ठरवली आहे. ती बालवाडीसाठी वापरायची, यावर एकमत आहे. मोठा पडदा आणि टॅब घ्यावेत, अशी सूचना आली आहे. सुचवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा या वयासाठी खेळातून शिकण्यावरच भर देतं, आणि आपल्या बालवाडीत मी परवा गेले तेव्हा वाळूचा हौद बुजवून त्यावर फरशी घातलेली दिसली. मुलं रांगेत बाकांवर बसून वहीत रेघा काढत होती.

माझी सूचना अशी आहे: हौद पुन्हा खणू या, पाण्याचा नळ आणि मातीची जागा करू या आणि बालवाडीताईंच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलू या. निर्णय मेळाव्याच्या सभेत होईल. तोवर आपापल्या नातवंडांना तासभर खेळताना पाहून या, मध्ये न बोलता.

चिंचोके मी आणते.