क्रेडिट कार्डाचे थकलेले कर्ज : अमेरिकेत मदत कोणाची घ्यावी, कोणाची टाळावी

अमेरिकेत क्रेडिट कार्डाचे कर्ज हाताबाहेर गेले की मदतीसाठी जो हात सर्वांत आधी पुढे येतो, तो बहुधा चुकीचा असतो. ‘तुमचे कर्ज निम्म्यावर आणून देतो’ असे सांगणाऱ्या कंपन्या जाहिरातींवर उदंड पैसा ओततात. खरोखर उपयोगी पडणाऱ्या संस्थांचा आवाज त्यामानाने क्षीण असतो. वास्तविक त्या संस्थांकडे जाण्याची वाट दरमहाच्या बिलावरच छापलेली असते. २००९ च्या ‘कार्ड ॲक्ट’नुसार प्रत्येक बँकेला बिलावर दोन गोष्टी सांगाव्या लागतात : केवळ किमान हप्ता भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती वर्षे लागतील आणि ते तीन वर्षांत फेडायचे तर दरमहा किती भरावे लागेल. त्याच चौकटीत पतसमुपदेशनाची माहिती देणारा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही असतो. बिल फोनवर पाहून ‘ऑटो-पे’वर सोडून देणाऱ्यांच्या नजरेस ही चौकट सहसा पडत नाही.

आकडेमोड आधी स्पष्ट असलेली बरी. व्याज लागणाऱ्या कार्ड-खात्यांचा सरासरी दर २०२३ पासून २० टक्क्यांच्या वरच राहिला आहे. २०,००० डॉलरची थकबाकी आणि २२ टक्के दर धरला, तर वर्षाचे व्याज सुमारे ४,४०० डॉलर होते. किमान हप्ता बहुधा त्या महिन्याचे व्याज अधिक मुद्दलाचा एक टक्का असा काढला जातो. म्हणजे पहिल्या महिन्यात ५६७ डॉलर भरूनही मुद्दल जेमतेम दोनशेने उतरते. तेच कर्ज ८ टक्के दराने पाच वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता सुमारे ४०६ डॉलर येतो आणि पाचही वर्षांचे मिळून व्याज सुमारे ४,३३० डॉलर. आजच्या दराचे एका वर्षाचे व्याज उतरलेल्या दराच्या पाच वर्षांच्या व्याजाएवढे आहे. म्हणून ज्याचा पगार सुरू आहे त्याने आधी व्याजदर उतरवून घेण्याच्या मागे लागावे. मुद्दलात सूट मागण्याची वेळ फार पुढची.

बँक आणि समुपदेशक

दर उतरवण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे कार्डाच्या मागे दिलेल्या क्रमांकावर फोन करून ‘हार्डशिप प्रोग्रॅम’ची विचारणा करणे. बहुतेक मोठ्या बँकांकडे अशी सोय असते. त्या तिची जाहिरात करीत नाहीत, इतकेच. नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट अशी कारणे सांगता येतात. पहिला हप्ता चुकण्यापूर्वी केलेल्या फोनला जे वजन असते, ते तीन हप्ते चुकल्यानंतरच्या फोनला राहात नाही. ठरलेल्या अटी लेखी मागवून घ्याव्यात. ज्यांचा क्रेडिट स्कोअर अजून चांगला आहे त्यांना शून्य टक्के दराच्या कार्डावर थकबाकी हलवता येते. त्याला सहसा तीन ते पाच टक्के शुल्क पडते आणि सवलतीची मुदत वर्ष-दीड वर्षाची असते. त्या मुदतीत कर्ज फिटणार नसेल, तर एवढ्याने फक्त दिवस ढकलले जातात.

तीन-चार बँकांची देणी असतील, तर ना-नफा तत्त्वावरील पतसमुपदेशन संस्था गाठावी. अशा संस्थांचा सर्वांत जुना राष्ट्रीय संघ ‘नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंग’ १९५१ पासून कार्यरत आहे. पहिली बैठक बहुधा विनामूल्य असते आणि फोनवरही होते. समुपदेशक उत्पन्न आणि खर्च ओळीने तपासतो. मराठी घरातले दोन खर्च येथे हमखास दडवले जातात : आईवडिलांना दरमहा पाठवायची रक्कम आणि पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटचा हप्ता. ते सांगितले नाहीत, तर जुळवलेला आराखडा चौथ्या महिन्यात कोलमडतो.

या संस्था ‘डेट मॅनेजमेंट प्लॅन’ आखून देतात. हे नवे कर्ज नव्हे. कर्जदार दरमहा एकच रक्कम संस्थेकडे भरतो, संस्था ती बँकांना वाटून देते आणि पूर्वीच झालेल्या करारांमुळे बँका व्याजदर बराच खाली, पुष्कळदा एक आकडी, आणतात. तीन ते पाच वर्षांत पूर्ण मुद्दल फिटते. संस्थेचे शुल्क साधारणपणे महिन्याला २५ ते ५० डॉलर असते. बदल्यात योजनेतली कार्डे बंद होतात आणि नवे कर्ज काढण्यास मज्जाव असतो. या संस्थांना बँकांकडूनही काही वाटा मिळतो, हे ठाऊक असावे. त्यामुळे दिवाळखोरी हाच योग्य मार्ग असलेल्या माणसालाही योजना सुचवली जाण्याची शक्यता उरते. ‘ना-नफा’ ही पाटी एकटी पुरेशी नाही. न्याय विभागाच्या ‘यू. एस. ट्रस्टी प्रोग्रॅम’ने मान्यता दिलेल्या संस्थांची राज्यवार यादी उपलब्ध आहे. नाव तेथे पडताळून पाहावे.

‘निम्म्यात मिटवतो’ याचा अर्थ

तडजोड करून देणाऱ्या नफेखोर कंपन्यांची रीत अशी : कर्जदाराला बँकेचे हप्ते थांबवायला सांगायचे, ती रक्कम वेगळ्या खात्यात साठवायची आणि खाते पुरेसे थकले की बँकेशी कमी रकमेवर सौदा करायचा. हप्ते थांबताच विलंब-दंड आणि व्याज वाढू लागते, साधारण १८० दिवसांनी बँक खाते बुडीत दाखवते आणि ती नोंद क्रेडिट अहवालात सात वर्षे राहते. कोणतीही बँक सौदा करण्यास बांधलेली नसते. ती मधल्या काळात दावाही लावू शकते.

वरच्याच २०,००० डॉलरचे उदाहरण घेऊ. दंड-व्याजाने ती रक्कम २४,००० झाली आणि निम्म्यात सौदा झाला असे धरू. १२,००० डॉलर बँकेला गेले. कंपनीचे शुल्क सुरुवातीच्या कर्जाच्या १५ ते २५ टक्के असते. २० टक्के धरल्यास ४,००० डॉलर. माफ झालेली रक्कम करपात्र उत्पन्न मानली जाते. ६०० डॉलर वा त्याहून अधिक माफीसाठी बँक ‘१०९९-सी’ हा अर्ज प्राप्तिकर खात्याला धाडते. २२ टक्के करपट्टीत १२,००० वर २,६४० डॉलर कर येतो, राज्याचा कर वेगळा. बेरीज १८,६४० डॉलर. निम्म्याचे निम्मे होता होता जवळजवळ सगळेच जाते, आणि सात वर्षांचा डाग पदरी पडतो. करातून सुटण्याची एक वाट आहे : माफीच्या क्षणी एकूण देणी एकूण मालमत्तेपेक्षा अधिक होती हे ‘फॉर्म ९८२’ भरून दाखवणे. त्या मालमत्तेत ४०१(के)मधील शिल्लक आणि भारतातील ठेवीही मोजाव्या लागतात. त्यामुळे नोकरदार मराठी कुटुंबाला ही वाट क्वचितच खुली असते.

तरीही हा मार्ग धरायचाच असेल, तर एक नियम पाठ असावा. फेडरल ट्रेड कमिशनच्या ऑक्टोबर २०१० पासूनच्या नियमानुसार, फोनवरून ही सेवा विकणाऱ्या कंपनीला निदान एका कर्जाचा सौदा होऊन, कर्जदाराने तो मान्य करून त्यातला एक तरी हप्ता भरला जाईपर्यंत शुल्क घेता येत नाही. आगाऊ पैसे मागणारा माणूस कितीही गोड बोलत असो, फोन तेथेच ठेवावा. सौदा बँकेशी स्वतःही करता येतो. त्यासाठी परवाना लागत नाही.

वसुलीचे फोन आणि न्यायालयाचे समन्स

वसुली संस्थांना १९७७ चा कायदा लागू आहे. २०२१ च्या अखेरीस अमलात आलेल्या नियमांनुसार एका कर्जासाठी सात दिवसांत सातहून अधिक फोन करणे गैर मानले जाते; सकाळी आठपूर्वी आणि रात्री नऊनंतर फोन करता येत नाही. कर्जाचा तपशील मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतल्यास पडताळणी होईपर्यंत वसुली थांबवावी लागते. तुरुंगाची किंवा व्हिसा रद्द करवण्याची धमकी सरळसरळ बेकायदा आहे. कार्डाचे कर्ज न फेडणे हा अमेरिकेत गुन्हा नाही.

मात्र समन्स आल्यावर गप्प बसणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. उत्तर न दिल्यास एकतर्फी निकाल लागतो आणि त्यानंतर पगारातून कपात होऊ शकते. संघराज्याच्या कायद्याने ही कपात वजावटीनंतरच्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत असू शकते. काही राज्यांची मर्यादा याहून कमी आहे, तर टेक्ससमध्ये कार्डाच्या कर्जासाठी पगाराला हात लावता येत नाही. दावा लावण्याची मुदतही राज्यागणिक बदलते : कॅलिफोर्नियात चार वर्षे, न्यू जर्सीत सहा, न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून तीन. अनेक राज्यांत जुन्या कर्जावर थोडी रक्कम भरली तरी मुदत नव्याने सुरू होते.

पती-पत्नींची गल्लत येथे वारंवार होते. एच-४ व्हिसावरील जोडीदार कार्डावर केवळ ‘ऑथोराइज्ड यूजर’ असेल, तर सहसा त्याची जबाबदारी नसते; संयुक्त खातेदार असेल, तर पूर्ण असते. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन यांसारख्या सामाईक मालमत्तेच्या राज्यांत मात्र लग्नानंतरचे कर्ज दोघांच्या समाईक मिळकतीपर्यंत पोहोचू शकते.

दिवाळखोरी, आणि भारतातली मिळकत

दिवाळखोरी हा शब्द मराठी कानाला अपमानास्पद वाटतो. अमेरिकी कायद्यात ती एक दिवाणी प्रक्रिया आहे, आणि नोकरी गेलेल्या, परतफेडीची शक्यता न उरलेल्या माणसासाठी पुष्कळदा तीच स्वस्त पडते. अर्ज दाखल होताच वसुली व दावे थांबतात. ‘चॅप्टर ७’मध्ये उत्पन्नाची कसोटी पार करावी लागते आणि नोंद दहा वर्षे राहते, ‘चॅप्टर १३’मध्ये तीन ते पाच वर्षांची हप्तेबंदी असते. दोन्हींसाठी अर्जापूर्वीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त समुपदेशन घेणे बंधनकारक आहे. नागरिकत्वाची अट नाही. एच-१बी धारकही अर्ज करू शकतो.

परदेशस्थ मराठी माणसाची खरी अडचण जाहीर करायच्या मालमत्तेत येते. मालमत्ता जगात कोठेही असो, ती सांगावी लागते : एनआरई खाते, मुदत ठेवी, फ्लॅटमधला हिस्सा, वडिलोपार्जित शेतात असलेले नाव. ती दडवणे हा फौजदारी गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्यांनी एकत्रित १०,००० डॉलरहून अधिक शिल्लक असलेली भारतीय खाती ‘एफबार’मध्ये कळवलेली नाहीत, त्यांनी आधी करसल्लागार गाठावा.

मेहुण्याचे हातउसने आधी चुकते करून मग अर्ज करावा, हा विचार स्वाभाविक आहे, पण घातक. आदल्या एका वर्षात नातेवाइकांना फेडलेली रक्कम ट्रस्टी परत मागू शकतो, आणि तो थेट मेहुण्याकडेच मागतो. फ्लॅट घाईने भावाच्या नावावर केला, तर तो व्यवहारही उलटवला जाऊ शकतो. याच्या उलट, ४०१(के)तील पैसा सावकारांपासून सुरक्षित असतो. तोच दहा टक्के दंड व कर भरून मोडणे आणि कार्डे भागवणे म्हणजे सुरक्षित ते गमावणे.

व्हिसा आणि परतीचा प्रवास

एच-१बीवर नोकरी गेली की २०१७ पासूनच्या नियमानुसार जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. त्या दिवसांत कर्जाचा विचार मागे पडतो आणि बँकेला करायचा फोनही राहून जातो. कर्ज किंवा दिवाळखोरी यांमुळे व्हिसा आपोआप जात नाही. ग्रीन कार्डाच्या अर्जात मात्र आर्थिक स्थितीची माहिती मागितली जाऊ शकते, आणि वित्तक्षेत्रातील नोकऱ्यांत उमेदवाराच्या लेखी संमतीने क्रेडिट अहवाल तपासला जातो. इमिग्रेशन वकिलाशी एक बैठक दिवाळखोरीच्या अर्जाआधी व्हावी.

भारतात परतल्याने कर्ज संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमेरिका हे परस्पर मान्यतेचे क्षेत्र नाही. त्यामुळे अमेरिकी निकालाची अंमलबजावणी भारतात थेट होत नाही, त्या निकालाच्या आधारे तेथे नवा दावा लावावा लागतो. बँका लहान रकमांसाठी या भानगडीत सहसा पडत नाहीत, म्हणून अनेकजण निर्धास्त राहतात. पण मुलाच्या शिक्षणासाठी किंवा नव्या नोकरीसाठी पुन्हा अमेरिकेत आले, की एकतर्फी निकाल वाट पाहात असतो. अनेक राज्यांत तो दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जिवंत राहतो. परतण्यापूर्वी बँकेशी हप्ते लेखी ठरवून घ्यावेत, अमेरिकेतील एक बचत खाते चालू ठेवावे आणि भारतातील पत्ता व ईमेल बँकेला कळवावा. समन्स जुन्या अपार्टमेंटच्या दारावर चिकटवले गेले, तर त्याची वार्ता नागपूरला पोहोचेपर्यंत उत्तराची मुदत टळून गेलेली असते.