टिपू सुलतानची पिस्तुले

टिपू सुलतानची तलवार सर्वांना ठाऊक आहे; त्याची पिस्तुलेही पाहण्याजोगी होती. ती ठासणीची. चाप ओढताच गारगोटी पोलादी पत्रीवर आपटे, ठिणगी दारूवर पडे आणि बार उडे. काही जोड्यांत एकाची कळ उजव्या बाजूस, तर दुसऱ्याची डाव्या बाजूस असे. नक्षीत वाघ आणि वाघाचे पट्टे. १७८८ मध्ये टिपूचे वकील पॅरिसला गेले व तेथून कारागीर घेऊन आले. परक्याकडून शिकण्यात त्याने कमीपणा मानला नाही. शस्त्रे मात्र श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांत घडवली. ४ मे १७९९ रोजी टिपू लढता लढता शहीद झाला आणि त्याची बरीच शस्त्रे लुटून विलायतेस गेली. पालकहो, वस्तू लुटता येते, शिकलेला हुन्नर लुटता येत नाही. मुलांना तोच द्या.