हरळी, दूर्वा आणि लॉन

माघ सरत आला की सोसायटीचं लॉन खरवडायचं काम निघतं. पंजा माळी मारतो, मी कडेला उभा राहून सूचना देतो. बागांच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला सोसायटीने दिलेलं हे बिनपगारी मानाचं पद. थंडीत हरळीची वाढ मंदावते, पातं पिवळं पडतं आणि बुडाशी जुन्या काड्यांची गादी साठते. मशीनचं पातं अगदी खाली उतरवून ते सगळं कापायचं, काड्या पंज्याने ओढून काढायच्या, लव्हाळा गाठीसकट उपटायचा, लोखंडी काट्याने जमिनीला भोकं पाडायची. मग चाळलेलं जुनं शेणखत, पोयटा आणि वाळू यांचा पातळ थर हाताने पसरून पाणी द्यायचं आणि हलका रोलर फिरवायचा. शेणखत कच्चं असलं तर हुमणी लागते. मग पावसाळ्यात गवत सतरंजीसारखं हातात उचलून येतं.

त्या आठवड्यात लॉन चमनगोटा केल्यासारखं दिसतं. तिसऱ्या मजल्यावरून हमखास प्रश्न येतो, "काका, लॉन मेलं का हो?"

"होळीपर्यंत थांब गं," मी सांगतो.

मला मनात हसू येतं, कारण माझ्या वडिलांचं निम्मं आयुष्य हेच गवत मारण्यात गेलं.

भीमेच्या काठी आमची काळी जमीन. तिथे हरळी आणि कुंदा म्हणजे सावकारापेक्षा वाईट. उन्हाळ्यात कुदळीने खोल खणायचं, पांढऱ्या मुळ्या वेचायच्या, बांधावर वाळवायच्या आणि पेटवून द्यायच्या. एक पेर जरी मातीत राहिलं तरी आषाढात वाफा भरून यायचा. लाकडी नांगर वरवर चालतो, त्याने हरळी मरत नाही, उलट तिचे तुकडे होऊन ती रानभर पसरते. लोखंडी नांगर खालची ढेकळं वर आणतो आणि मुळ्या वैशाखाच्या उन्हाला देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष उतरतं असा समज होता. तो समज मोडायला जी कारणं उपयोगी पडली असतील, त्यांत हरळी पहिली, असं माझे वडील छातीठोकपणे सांगत.

आणि चतुर्थीला आई मला त्याच बांधावर पाठवायची. कोवळ्या, तीन पात्यांच्या एकवीस दूर्वांची जुडी हवी. बांधाच्या एका टोकाला वडील कुदळीने हरळी उकरतायत, दुसऱ्या टोकाला मी तीच हरळी देवासाठी खुडतोय. दोघांनाही त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

तिचं तिसरं रूप मला पुण्याच्या कृषी महाविद्यालयात भेटलं. फळ्यावर नाव लिहिलं होतं, सायनोडॉन डॅक्टिलॉन. डॅक्टिलॉन हे नाव बोटांवरून आलं, कारण तिचा तुरा हाताच्या बोटांसारखा फाकलेला असतो. अमेरिकेत तिलाच बर्म्युडा ग्रास म्हणतात. लॉनसाठी उत्तम. सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं, की आम्हाला हरळी लावायला शिकवतात. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फी भरून?"

लॉन ही मुळात थंड, ओलसर इंग्लंडची चीज. अठराव्या शतकात केपेबिलिटी ब्राउनने (1716–1783) तिथल्या जमीनदारांच्या वाड्यांभोवतीच्या रेखीव बागा मोडून दूरवर गवताच्या लाटा पसरल्या. लांबच्या भागात मेंढ्या चरायच्या, पण वाड्यालगतचं गवत माणसांनी विळ्याने कापायचं. लांब दांड्याचा तो विळा पहाटे दव असतानाच चालायचा, कारण वाळलेलं पातं धारेखाली वाकतं आणि ओलं उभं राहून कापलं जातं. काही न पिकवणारी एवढी जमीन आणि ती राखायला पहाटे उठणारी एवढी माणसं परवडतात, हेच तर पाहुण्यांना दाखवायचं होतं. तिथल्या माळ्याचा फेब्रुवारी वेगळा. गोठलेल्या गवतावर पाऊल टाकायचं नाही, नाहीतर पावलाचा काळा ठसा उमटतो. गांडुळांनी वर आणलेल्या मातीच्या ढिगुळ्या काटक्यांच्या झाडूने उडवायच्या, थंडीने फुगलेली जमीन रोलरने बसवायची, आणि मार्चची वाट पाहायची.

या कामाला पहिलं यंत्र मिळालं ते कापडाच्या गिरणीतून. स्ट्राउडजवळच्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव छाटणारं फिरत्या पात्यांचं यंत्र एडविन बडिंगने पाहिलं होतं. कापडावर चालतं ते गवतावर का चालू नये, असं त्याच्या मनात आलं. 1830 मध्ये त्याने पेटंट घेतलं. एकोणीस इंच रुंदीचं ते लोखंडी धूड मागून ढकलायचं आणि पुढून ओढायचं. सुरुवातीचं एक यंत्र लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने घेतलं. तिथल्या मुकादमाचा निर्वाळा असा, की ते विळा-झाडूवाल्या सहा ते आठ माणसांचं काम करतं. गावातल्या सभ्य गृहस्थांना यातून व्यायामही होईल, अशी बडिंगची पेटंटातच जाहिरात होती. गवत कापणं ही मालकाची करमणूक होऊ शकते, हा विचार तेव्हा नवा होता.

रोलरची गोष्ट त्याहून मजेची. विम्बल्डनच्या क्रोके क्लबचा तट्टाने ओढायचा रोलर नादुरुस्त झाला. दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून 1877 मध्ये टेनिसची स्पर्धा भरवली, अशी त्या स्पर्धेची जन्मकथा सांगतात. मी कामाच्या पोरांना ती नेहमी ऐकवायचो. रोलर ओढताना अंग मोडतं, तेव्हा तेवढाच विरंगुळा.

साहेब इकडे आला तो मनात हे हिरवं चित्र घेऊन, पण त्याच्या देशातलं गवत दख्खनच्या उन्हात टिकेना. टिकली ती आमची हरळी. वडिलांनी जाळली, आईने वाहिली, ती साहेबाने बंगल्यापुढे टोचून लावली. फक्त पंचांग उलटं झालं. तिकडे फेब्रुवारीत गवत झोपलेलं आणि आभाळातून पाणी, इकडे फेब्रुवारीत उन्हाचा चटका सुरू आणि पाणी विहिरीचं. म्हणून इथलं लॉन पहिल्यापासून मोटेवर आणि माळ्यावर जगलं. मोठ्या मैदानांवर मशीनला बैल जुंपत. कर्झनच्या काळात तर ताजमहालाच्या बागेतही दाट झाडीच्या जागी लॉन पसरलं. आज ते आपल्याला मुघलांचंच वाटतं.

मुंबईत या गवतावरून भांडणही झालं. 1875 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचे गोरे सभासद मैदानावर पोलो खेळत. तट्टांच्या टापांनी उखडलेल्या त्याच जमिनीवर पारशी आणि हिंदू पोरांना क्रिकेट खेळायचं असे. 1880 च्या दशकात अर्जांवर अर्ज गेले. मैदान उखडतं, चेंडू कुठेही उसळतो, हीच त्यांतली तक्रार. पुढे समुद्रकडेला पारशी, इस्लाम आणि हिंदू असे जिमखाने उभे राहिले. त्यामागे जमातींचं राजकारण होतं, तसं टापांनी उखडलेलं गवतही होतं.

पण या सगळ्या इतिहासात मला जवळचा माणूस एकच, पाळवणकर बाळू. चांभार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात आधी पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायला आणि रोलर फिरवायला लागला, महिना तीन रुपये. 1892 च्या सुमाराला तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथे चार रुपये. रोलर फिरवायचा, आखणी करायची, जाळी उभारायची, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा फलंदाज तासन् तास त्याच्यासमोर सराव करी आणि बाद झाला की आठ आणे देई, असं सांगतात. बॅट मात्र बाळूच्या हाती कुणी दिली नाही. मैदान राखता राखता तो डावखुरा फिरकीचा उस्ताद झाला. पुढे तो पुण्यातल्या हिंदूंच्या संघात खेळू लागला. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी या संघाचा सामना ठरला, तेव्हा त्याची फिरकी चालू नये म्हणून त्यांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला म्हणे. तरी बाळूने सात बळी काढले. ज्याने पोटासाठी रोलर ओढला, त्याला रोलरखालची माती काय करते ते साहेबापेक्षा जास्त ठाऊक असणार, हे मी माळ्याच्या अनुभवाने सांगतो.

मैदानावर संघातले सगळे त्याच्या हातचा चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. प्यायचा आणि भांडं फेकायचं. प्लेगच्या साथीत तो मुंबईला गेला. 1906 च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळू होता आणि त्याचा भाऊ शिवरामही. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने 114 बळी घेतले. ज्या देशातून लॉन आलं, त्या देशाच्या लॉनवर.

आता आमच्याकडे 'लॉन्स' म्हटलं की हायवेलगतचं मंगल कार्यालय. लग्नसराईत तिथे मांडवाच्या बल्ल्या रोवल्या जातात, खुर्च्यांचे पाय रुततात, आणि फाल्गुनात त्या भोकांतून हरळी पुन्हा उगवते. नर्सरीत तिची बारीक जात 'सिलेक्शन वन' नावाने चौरस फुटाच्या हिशोबाने विकतात. वडील असते तर काय म्हणाले असते, याचा विचार मी करत नाही.

यंदा खरवडणं संपलं त्या दिवशी ऑफिसातून चहा आला. माझ्यासाठी चिनी मातीचा कप, माळ्यासाठी कागदी. दरवर्षी असाच येत असणार. चाळीस वर्षं बागेत काढून, पोरांना बाळूची गोष्ट सांगूनसुद्धा माझं कधी तिकडे लक्ष गेलं नव्हतं. मी पोऱ्याला म्हटलं, "उद्यापासून दोघांना एकसारखे आण रे."

दुसऱ्या दिवशी दोन्ही कप कागदी आले.

आम्ही दोघं रोलरवर टेकून प्यायलो. पायाखाली पोयट्यातून एक-दोन टोकं वर आली होती, सुईएवढी.