संत निकोलसाचा दिवस

मार्गशीर्ष सरत आला म्हणजे आमच्या मंद्रूपाकडे वेळा अमावस्येचे वेध लागतात. ज्वारीच्या उभ्या पिकात पांडवांची पूजा मांडावी, भज्जी, आंबील व बाजरीचे उंडे असा बेत करावा, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस आग्रहाने शेतावर न्यावे, हा इकडील शिरस्ता. याच सुमारास सोलापुरच्या बाजारात पांढऱ्या गोंड्याच्या तांबड्या टोप्या टांगलेल्या दिसू लागतात. गेल्या खेपेस आमच्या घरातील एक चिरंजीव तसली टोपी घालूनच शेतावर आले आणि आंबिलीचा द्रोण हाती घेऊन त्यांनी प्रश्न टाकला, “हा म्हातारा कोण, आणि तो सगळ्यांना फुकट का वाटतो?” प्रश्नाचा पूर्वार्ध सोपा होता. उत्तरार्धासाठी मात्र आम्हांस बरेच मागे जावे लागले.

हा म्हातारा मूळचा संत निकोलस. आजच्या तुर्कस्थानच्या दक्षिण किनाऱ्यावर दमरे नावाचे गाव आहे. तेथे पूर्वी मायरा हे नगर होते, व इसवी सनाच्या चौथ्या शतकात निकोलस तेथील बिशप होता असे मानतात. ६ डिसेंबर हा त्याच्या मृत्यूचा दिवस म्हणून पाळला जातो. त्याच्या हातचे एक अक्षरही उपलब्ध नाही. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथे त्याच्या नावाचे देवालय होते, म्हणजे कीर्ती तोवर राजधानीपर्यंत पोचली होती. परंतु त्याचे विस्तृत चरित्र जे हाती लागते ते नवव्या शतकातले. ज्ञानेश्वरांविषयी नामदेवांनी काहीच लिहिले नसते, आणि त्यांचे पहिले चरित्र पेशवाईच्या अखेरीस झाले असते, तर आपली जी स्थिती झाली असती, तीच येथे अभ्यासकांची आहे. शिवाय सहाव्या शतकात त्याच प्रांतात दुसरा एक निकोलस होऊन गेला. त्याचेही चमत्कार पहिल्याच्या खात्यावर जमा झाले. १०८७ साली इटलीतील बारी बंदराच्या लोकांनी मायऱ्याहून त्याच्या अस्थी उचलून नेल्या. तेव्हापासून पश्चिम युरोपात त्याची भक्ती झपाट्याने पसरली.

त्याच्या ज्या कथेमुळे देणग्यांची प्रथा पडली, ती मुलांची कथाच नव्हे. एक गृहस्थ होता. पूर्वी संपन्न, पुढे निर्धन झालेला. पदरी तीन उपवर मुली. त्या देशीही हुंड्यावाचून लग्न जमत नसे, आणि लग्न न झालेल्या गरीब मुलींपुढे कुमार्गावाचून दुसरी वाट उरत नसे. बाप त्या निर्णयाला येऊन ठेपला, तेव्हा ही वार्ता निकोलसाच्या कानी गेली. त्याने रात्री जाऊन खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. थोरलीचे लग्न झाले. दुसऱ्या वेळी तसेच, मधलीचे झाले. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला होता. तो धावत गेला आणि त्याने दात्याचे पाय धरले. निकोलसाने त्याच्याकडून वचन घेतले की, मी जिवंत आहे तोवर हे कोणास सांगू नकोस.

हा प्रसंग दान्तेने आपल्या महाकाव्यात आणला आहे, आणि जेन्तिले दा फाब्रियानो या चित्रकाराने १४२५ साली रंगविला आहे. निकोलसाच्या मूर्तीच्या हाती तीन सोन्याचे गोळे दिसतात ते याच तीन थैल्या होत. आपल्याकडे १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला; तथापि ही गोष्ट आमच्या घरी सांगताना तिच्यातील एकाही शब्दाचा अर्थ कोणास समजावून द्यावा लागला नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

मग हा उपवर मुलींचा कैवारी बालकांचा संत कसा झाला? येथे एक मौजेचा तर्क आहे. निकोलसाने तीन निरपराध सरदारांस मृत्युदंडातून सोडविल्याची जुनी कथा आहे. चित्रकार संताची आकृती मोठी काढीत, आणि बुरुजात कोंडलेले सरदार इवलेसे. पाहणाऱ्यांस बुरुज पिंपासारखा वाटला व सरदार मुलांसारखे. आणि त्यातून, खाटकाने मारून मिठात घातलेली तीन बालके संताने उठविली, ही भयंकर कथा फ्रान्सात उपजली, असे कित्येक अभ्यासक मानतात. चित्र चुकीचे वाचल्याने संतास नवे भक्त मिळाले म्हणावयाचे!

हॉलंडात ही प्रथा सर्वांत घरगुती झाली. ५ डिसेंबरच्या रात्री मुले चुलीजवळ जोडा ठेवतात आणि संताच्या घोड्यासाठी त्यात गाजर अथवा गवत घालतात. सकाळी तेथे खाऊ सापडतो. दालचिनी-लवंगांचा मसाला घातलेली लहान बिस्किटे मुठीमुठीने खोलीभर उधळतात व मुले ती वेचण्यास झुंबड करतात. हे वाचून आमच्या डोळ्यांपुढे संक्रांतीनंतरचे बोरन्हाण उभे राहिले. तीच थंडी, तीच उधळण. मात्र आपल्याकडे बोरे, उसाचे करवे व हरभरे, आणि मध्ये हलव्याचे दागिने ल्यालेले, काहीसे भेदरलेले मूल.

बोरन्हाणात मूल मध्यभागी असते. मध्ययुगीन युरोपही निकोलसाच्या दिवशी मुलास मध्यभागी बसवीत असे. देवळात गाणाऱ्या मुलांपैकी एकास ६ डिसेंबर रोजी बिशप निवडीत, आणि २८ डिसेंबरपर्यंत तो बिशपाचा वेष घालून मिरवी. इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५४१ साली हे बंद केले. परंतु मुलास मोठ्यांच्या गादीवर बसविण्याची अशीच एक रीत आपल्या शेजारी गोव्यात जिवंत आहे. मांडवीच्या उत्तर तीरावर रेइश मागुश येथे १५५५ साली बांधलेले तीन राजांचे देऊळ आहे; ६ जानेवारीस तेथे तीन मुलगे राजे होतात. कासावलीसही तीन मुलगे मुकुट घालून घोड्यावर बसतात आणि टेकडीवरील देवळाकडे जातात. बाळ येशूस भेटी आणणाऱ्या पूर्वेकडील तीन ज्ञात्यांचे हे स्मरण. पोर्तुगीजांच्या अमलात आलेल्या या भूमीत हिवाळ्यातील बालकांचा मान निकोलसाकडे न जाता या राजांकडे गेला. त्यांतील एक राजा हिंदुस्थानचा होता, अशीही युरोपातील एक जुनी समजूत आहे.

सोलापुराकडील ख्रिस्ती समाजाची गोष्ट आणखी निराळी. येथे धर्म आणला तो अमेरिकन मराठी मिशनने. त्याचे लोक १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ साली अहमदनगरास त्यांनी ठाणे केले, आणि पुढे ते सोलापुरास आले. त्यांना धाडणारी संस्था बॉस्टनची, आणि बॉस्टनच्या प्युरिटन पूर्वजांनी १६५९ साली नाताळ पाळणारास पाच शिलिंग दंड ठरविला होता! तो कायदा १६८१ साली उठला खरा, परंतु संतांच्या दिवसांविषयीची त्या पंथाची अढी लवकर गेली नाही. त्याच अमेरिकेत, न्यूयॉर्ककडे, डच वसाहतवाल्यांचा ‘सिंटरक्लास’ मात्र नवा जन्म घेत होता. १८०९ साली वॉशिंग्टन अर्व्हिंगने आपल्या विनोदी इतिहासात त्यास आणले. १८२३ साली एका वृत्तपत्रातील कवितेने त्याच्या गाडीस आठ सांबरे जुंपली. आणि १८६३ पासून टॉमस नास्टच्या चित्रांनी त्यास पोट व दाढी दिली. बिशपाची उंच टोपी गेली, दिवसही ६ डिसेंबरचा २५ झाला. तीन मुली तर कोणाच्या स्मरणातच उरल्या नाहीत.

एवढे सर्व आम्ही शेतावर त्या चिरंजीवांस सांगितले, अर्थात बेताने. ते थैल्यांपर्यंत ऐकून पळाले. बांधावर बसलेल्या आमच्या आत्याबाई मात्र अखेरपर्यंत ऐकत होत्या. त्यांनी स्वतः तीन मुली उजविल्या आहेत. त्या म्हणाल्या, “तिसऱ्या रात्री बाप जागा होता म्हणतोस. मग पहिल्या दोन रात्री त्याला झोप लागली कशी?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. आत्याबाईंनी आंबिलीचे मडके पुढे सरकविले.